कुणाची आई डावखुरी?

उंब्रजच्या पोस्टात बिरदेव पुकळे नवा लागला, तेव्हा त्याला एका पत्त्यानं पछाडलं. माण तालुक्यातल्या मेंढपाळाचा हा पोरगा. वाटा आणि पाणवठे त्याच्या पायांना पाठ होते. पण फौजेतल्या पोरांच्या टपालावर ना गाव असायचं, ना तालुका. नाव, नंबर, पलटण आणि शेवटी 'छप्पन एपीओ', म्हणजे फौजेचं पोस्ट. एवढ्या पत्त्यावर टपाल जायचं आणि तिकडून उत्तरंही यायची.

फौजेतल्या लेकाला पार्सल धाडायला आलेल्या भामाबाईंनी एकदा विचारलं, "लेकरा, ह्ये छप्पन कुटं आलं रं? तितं ऊन लागतं का थंडी?"

"मावशी, मला बी ठावं न्हाई," बिरदेव ओशाळून म्हणाला.

पोस्टमास्तर लालासाहेब हसले. "आरं, ती फौजंची बात. आपन शिक्का मारायचा आन थैली बांदायची."

बिरदेवला मात्र चैन पडेना. टपाल खात्यातल्या माणसाला फौजेच्या टपालात जाता येतं हे कळल्याबरोबर त्यानं अर्ज ठोकला. बापानं कपाळावर हात मारून घेतला. "मेंढरं सोडून टपालात गेलास, आता टपाल सोडून फौजंत?"

"आबा, काम त्येच. कापडं तेवडी बदलणार."

कामठीला ट्रेनिंग झालं आणि तिथून त्याला दिल्लीला धाडलं. तिथं गोण्यांच्या राशीत उभं राहून टपाल वेगळं करताना त्याला उमगलं, छप्पन हे गावच नव्हतं. पलटण हलली की तिचं टपाल तिच्या मागं जायचं. बिरदेवला हसू आलं. बाप मेंढरं घेऊन कृष्णाकाठी उतरायचा, तेव्हा घरचे निरोप असेच त्याच्या मागं मागं फिरायचे. त्यानं भामाबाईंना कार्ड टाकलं, 'मावशी, छप्पन म्हंजे तुमचं पोरगं असंल तितं.'

नव्याण्णवच्या उन्हाळ्यात कारगिलच्या लढाईला तोंड फुटलं आणि बिरदेवची बदली थेट तिकडं झाली. द्रासच्या अलीकडं, डोंगराच्या आडोशाला एक तंबू. तेच पोस्ट. वर शिखरांवर जाणाऱ्या खेचरांवर आधी दारूगोळा लादायचा, मग पाणी आणि शिधा, आणि उरलेल्या जागेत टपाल. खाली येणारा जवान जखमी असला तरी तंबूत डोकावून विचारायचा, "डाक आयी क्या?" तोफा सुरू झाल्या की तंबूच्या काठ्या थरथरायच्या, शिक्क्याची शाई सांडायची. पहिल्यांदा बिरदेव टेबलाखाली शिरला. पुढं पुढं तो नुसता शाईची बाटली हातात धरून बसू लागला.

एकदा टपालाची गाडी गोळ्याच्या दणक्यानं ओढ्यात कलंडली. ड्रायव्हर वाचला, थैल्या भिजल्या. सगळं टपाल दगडांवर वाळत घातलं. त्यात एका पार्सलचं कापड फाटलं होतं आणि पत्ता पार धुऊन गेला होता. आत लसणाची चटणी होती, आणि घोंगडीचं कापड बेतून हातानं शिवलेली जाड बंडी.

घोंगडीचा वास घेताच बिरदेव घरी पोचला. हे कापड आपल्याकडचंच! पण कुणाचं? तंबूतल्या पोस्टाचे साहेब म्हणाले, पत्ता नाही, परत दिल्लीला धाड.

"साहेब, थोडा रुकिये. देखता हूँ कुछ मिलता है क्या."

तो बंडी उलटीपालटी करत बसला. खिसा नाही, नाव नाही. मग त्याची नजर शिवणीवर गेली. टाके नेहमीच्या बाजूला कलायचे सोडून उलटे कलले होते. त्यानं सुईदोरा घेऊन एका चिंधीवर उजव्या हातानं टाके घातले, मग डाव्या हातानं. डाव्या हाताचे वेडेवाकडे आले, पण कलले त्याच बाजूला. शिवणारी बाई डावखुरी होती!

दुसऱ्या दिवशी वर निघालेल्या खेचरवाल्यांजवळ त्यानं टपालाबरोबर एक निरोपही दिला. आपल्याकडची पोरं कुठल्या चौकीवर आहेत हे ठाऊक नव्हतं, म्हणून प्रत्येक चौकीवर विचारायचं, किसकी माँ बायें हाथ से सिलाई करती है?

निरोप डोंगर चढत गेला. उत्तरं खाली येऊ लागली. गढवालचा एक जण म्हणाला, माझी आई डाव्या हातानं कोयता चालवते, पण शिवत नाही. बिहारच्या एकाला आठवेचना. त्यानं घरी पत्र लिहून विचारलं. खंदकात बसलेली पोरं आपापल्या आईचे हात आठवत राहिली. कुणी म्हणे पोळी लाटताना बघितलं होतं, कुणी म्हणे मार खाताना कळलं होतं. खेचरवाले हे सगळं सांगत तेव्हा तंबूतले लोक कामं टाकून ऐकायचे.

शेवटी वरच्या एका चौकीवरून निरोप आला. कृष्णात विरकर, तालुका माण. आई डावखुरी.

बिरदेव स्वतः खेचरांबरोबर निघाला. साहेबांनी आधी नको म्हटलं, मग हेल्मेट दिलं. वाटेत गोळे पडू लागले तसा तो पार्सल पोटाशी धरून एका शिळेमागं पडून राहिला. खेचरं बिथरली, एक खाली दरीत गेलं. त्याचं किंचाळणं बिरदेव पुढं कधी विसरला नाही.

चौकीवर कृष्णातनं बंडी हातात घेतली. शिवणीवरून अंगठा फिरवला.

"चटणी कसली हाय, सांग बगू," बिरदेवनं खात्री करायला विचारलं.

"लसणाची. तिकाट जाळ असंल. आईला अंदाजच न्हाई." आणि तो मोठ्यानं हसला. हसता हसता त्यानं बंडीत तोंड खुपसलं आणि बराच वेळ वर केलं नाही.

पुढच्या चढाईत कृष्णातच्या खांद्यात छर्रे घुसले. श्रीनगरच्या इस्पितळात डॉक्टरांनी बंडी कापून काढली. पण तो जगला.

पुढं सुट्टीवर आल्यावर बिरदेव वाट वाकडी करून कृष्णातच्या आईला, बनुबाईंना भेटला. त्यांनी लढाईचं फारसं विचारलं नाही. एवढंच विचारलं, "मी डावखुरी हाय ह्ये तुला कुनी सांगितलं?"

बिरदेवनं सगळं सांगितलं. म्हातारी पदर तोंडाला लावून गदागदा हसू लागली. "आरं, माज्या सासूनं जलमभर डाव्या हातानं कुनाला वाढू दिलं न्हाई. लोकं काय म्हंतील, म्हनायची. आन इकडं समद्या फौजंत दवंडी पिटली व्हय!"

आता बनुबाई नाहीत. बिरदेव निवृत्त होऊन सांगलीत राहतो. गेल्या वर्षी, मे महिन्यात सीमेवर पुन्हा धुमश्चक्री झाली, तेव्हा कृष्णातचा फोन आला. त्याचा मुलगा शिवतेज तिकडं होता आणि त्याचा फोन लागत नव्हता.

"गड्या, पत्रं जात्यात का रं अजून?"

"जात्यात की. लिव्ह तू."

एवढं बोलून बिरदेवनं चपला घातल्या आणि तो सांगलीच्या मोठ्या पोस्टात गेला. आता फौजेचं टपाल कसं वेगळं करतात, मशीन पत्ता कसा वाचतं, हे त्यानं खिडकीतल्या मुलीला खोदून खोदून विचारलं. मागं रांग वाढत गेली. एक जण वैतागून म्हणाला, "आवं काका, काय पाठवायचंय ते पाठवा की!"

"माझं काय न्हाई," बिरदेव म्हणाला, "फौजंतल्या पोराला पत्र पोचंल का, त्ये बघाया आलोय."