चाळिशीतली स्पॅनिश

गंगाखेडच्या स्टँडवर मला सोडायला आई-बाबा दोघंही आले होते. बाबांचं शिलाईचं दुकान. गिऱ्हाइकाचा ब्लाऊज मशिनीवर तसाच टाकून आलेले, गळ्यात टेपही तशीच. बॅग वर चढली, मी खिडकीत बसले आणि आई खाली उभी राहून एकच सांगत राहिली, "तिथं लोकाला बोलत जा गं. गप बसू नको." मला हसूच आलं. मी आणि गप? आमच्या गल्लीत माझा आवाज चार घरं ओलांडून जायचा. मी चोवीस वर्षांची, बी.कॉम. झालेली, ऐरोलीतल्या एका कंपनीत बिलं तपासायची नोकरी लागलेली. म्हटलं, आई, तू त्या लोकांची काळजी कर.

झालं भलतंच. पहिल्याच आठवड्यात कँटीनमध्ये आईचा फोन आला आणि मी म्हणाले, "जेवायलेय गं." अख्खं टेबल हसलं. वाईट कोणीच नव्हतं, उलट लाडानंच म्हणाले, "परत बोल ना, किती क्यूट!" पण मी जी मिटले ती मिटलेच. तोंड उघडायच्या आधी वाक्य मनात जुळवायचं, करायलेय नाही, करतेय म्हणायचं, मग बोलायचं. तोवर विषय पुढे गेलेला असायचा. "चल ना यार, टेन्शन नको घेऊ" हे सहज तोंडात यायला मला कितीतरी वर्षं लागली. ते मात्र कोणी विचारत नाही! आपल्या गावच्या ग्रुपवर सगळ्यांना स्पॅनिशचंच पडलंय. ताई, किती दिवसांत येते? तीन महिन्यांत येते म्हणतात, खरं का? म्हणून हे लिहितेय. गावी राहिलेल्यांसाठी, आणि माझ्यासारखे बॅग घेऊन निघून पुण्यात नाहीतर दुबईत बसलेल्यांसाठीही.

तर झालं असं, की साहेबांनी एक दिवस बोलावून सांगितलं, इथलं इंग्रजीचं काम चेन्नईला हलतंय. ऐरोलीत फक्त मेक्सिकोचं काम राहणार आणि त्याला फोनवर स्पॅनिश बोलता आली पाहिजे. दीड वर्षानं परीक्षा, तीही खऱ्या गिऱ्हाइकाशी बोलून. पास झालात तर इथे, नाहीतर चेन्नई. माझं वय एकोणचाळीस. नवरा नाही, पोरं नाहीत (हा विषय काढायचा असेल तर आईकडे काढा, ती तासभर बोलेल). असं असलं की लोकांना वाटतं, हिला काय, कुठेही जाईल. अरे, कुठेही कशी जाईन? सेक्टर तीनमध्ये भाड्याचं का होईना, माझं घर होतं. भाजीवाली माझ्यासाठी अंबाडीची जुडी बाजूला ठेवायची. एकदा गाव सोडलं तेवढं पुरे झालं. पुन्हा बॅग भरायची माझ्यात हिंमत नव्हती.

वाशीला क्लास लावला. शिकवणारी मॅडम माझ्या भाचीच्या वयाची, बाकी सगळी कॉलेजची मुलं. पहिल्या दिवशी मला बघून एकजण उभा राहिला, त्याला वाटलं मीच मॅडम. तीन महिन्यांत काय आलं सांगू? नाव, गाव, चहा हवा, पाणी नको, संडास कुठे आहे. बास. सहा महिन्यांनी मला बोलता यायचं, पण समोरच्यानं उत्तर दिलं की संपलं. वर्ष होत आलं तेव्हा रोज तासभर कानाला काहीतरी लावून बसायची, भाजी चिरताना स्वतःशी बडबडायची. सोसायटीच्या वॉचमननं शेजारच्या काकूंना विचारलं म्हणे, मॅडम बऱ्या आहेत ना?

बाबा दर फोनला विचारायचे, "किती राहिली गं तुझी भाषा?" दुकानात कोणीही कपडे मागायला आलं की बाबा "बुधवारी या" म्हणतात, हे अख्ख्या गंगाखेडला माहीत आहे. मीही म्हणायचे, "बुधवारी होईल, बाबा." खो-खो हसायचे.

पण या खटाटोपात एक गंमत झाली. स्पॅनिशमध्ये मी गंगाखेडची आहे हे कोणाला कळतच नव्हतं! क्लासमध्ये सगळेच सारखे चुकायचे, सारखेच हसायचे. मी बिनधास्त सुटले. मॅडम म्हणायची, तुम्ही चुकता खूप, पण थांबत नाही.

परीक्षेची वेळ संध्याकाळी आठची, तिकडे मेक्सिकोत सकाळ. शेजारी परीक्षक कानाला हेडफोन लावून बसलेले. नमस्कार, बिलाचा नंबर, तारीख, सगळं पाठ केलेलं. पलीकडून मार्गारिता नावाच्या बाईंचा आवाज आला आणि माझं पाठांतर पार उडालं. काहीच आठवेना. आणि तोंडातून निघालं काय? "या देसायुनो?" म्हणजे, नाश्ता झाला का? आपल्याकडे कोणाच्या दारात गेलं की पहिलं जे विचारतात तेच. परीक्षकांनी डोळे वटारले. मेले, म्हटलं, चेन्नई.

 पलीकडे बाई जी हसली! आमच्याकडेही असंच विचारतात म्हणाली, पण ऑफिसच्या फोनवर अजून कोणी विचारलं नव्हतं. मग घेवड्याची उसळ, सुनेनं त्यात घातलेलं जास्त मीठ, गुडघेदुखी. निम्मं मला कळलं, निम्म्याला मी "अय्या, मग?" म्हणत राहिले. शेवटी बिलाचं तिनंच काढलं. परीक्षक म्हणाले, "बोलता छान, पण विषय सोडून." पास! मी लिफ्टमध्ये एकटीच नाचले, खोटं कशाला बोलू?

म्हणजे गप्पा मारण्याइतकी यायला मला दीड वर्ष लागलं. तुम्हाला कमी लागेल, जास्त लागेल. पण चुकायची लाज सोडल्याशिवाय एक दिवससुद्धा मोजू नका.

गेल्या महिन्यात बाबा पंधरा दिवस राहायला आले होते. एका संध्याकाळी मी घरूनच काम करत होते, ते सोफ्यावर पेपर वाचत होते. मार्गारिताबाईंशी बिलाचं बोलणं संपलं आणि बाईंनी विचारलं, तुम्ही कुठल्या? हा प्रश्न मला ऐरोलीत शंभरदा तरी विचारला गेलाय आणि शंभरही वेळा मी गंगाखेडच म्हणालेय. त्या दिवशी विचारच केला नाही. "सोय दे ऐरोली," म्हणाले. म्हणजे, मी ऐरोलीची.

फोन ठेवला. बाबांना त्या सगळ्यातला एकच शब्द कळला होता. पेपर खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिले. वाटलं, गंगाखेड म्हणाले नाही म्हणून दुखावले.

"ऐरोली म्हनलीस ना?"

"हो, बाबा."

"बरं झालं," ते म्हणाले. "इतकी वर्सं मला वाटायलं होतं, पोरगी तिथं पाहुनी म्हनून राहायली." मग पाय वर घेऊन ऐसपैस बसले. "आता मी पाहुना. चहा टाक."