खेचराचा दाणा

लढाईवरून आमचे मालक परत आले ते फुटून वाकडा जुळलेला जबडा घेऊन. ब्रह्मदेशात ते पलटणीची खेचरं हाकायचे. तोंडात नऊ दात उरले होते. भाकरीचा तुकडा लागला की जखम उलायची आणि रक्त यायचं. नाचणीची आंबील दिली तर उलटून पडायची. साताऱ्याच्या डॉक्टरनं मला बाजूला घेऊन सांगितलं, "पोटात अन्न ठरलं नाही तर महिना काढणार नाहीत."

माझी मावशी पाचगणीच्या बोर्डिंगात स्वैपाकाला होती. तिनं पिशवीभर ओट दिले. म्हणाली, "दुधात टाक, दोन उकळ्या आन. गोरी पोरं ह्याच्यावरच टुणटुणीत हायती." मी त्यात गूळ घातला, केळं कुस्करलं, भाजलेले शेंगदाणे गंधासारखे वाटून घातले. त्यांचं तोंड धुऊन होईस्तोवर वाटी तयार! मी आपली खूश.

त्यांनी एक घास घेतला आणि ती गरम वाटी माझ्या तोंडावर मारली.

"जई हाय ही! खेचराचा दाणा चारतीस व्हय गं मला, सटवे?" केस धरून त्यांनी माझं डोकं भिंतीवर आपटलं. गालाची सालपटं निघाली होती. पण मी काय मार खाऊन गप बसणारी न्हवं! हाताला लोखंडी फुंकणी लागली, ती त्यांच्या मनगटावर हाणली. मग गुडघ्यावर. "मर मग उपाशी, मुडद्या!" जन्मात पहिल्यांदा मी नवऱ्याला अरे-तुरे केलं.

ते मटकन खाली बसले आणि बोलायला लागले. दुश्मनाच्या वेढ्यात रसद संपली, तेव्हा माणसांनी खेचरांची जई, म्हणजे हेच ओट, शिजवून खाल्ली. मग खेचरंच कापायचा हुकूम झाला.

"माझं मलाच कापाय लावलं. शेवटची मूठ त्याला चारली आन खाता खाताच सुरी फिरवली. आवाजबी न्हाई आला गं. दुश्मनाला कळू नये म्हणून खेचरांच्या गळ्यातल्या आवाजाच्या नसा सायबानं आदीच कापून टाकल्याल्या."

मला भडभडून आलं. पण कीव करून माणूस जगतो का? दुसऱ्या दिवशी मी ओट जात्यावर दळले आणि रंगापुरती मूठभर नाचणी मिसळली. दूध, केळं, दाणे तेच.

"ह्यात जई हाय?"

"न्हाई."

"कुंकवाची शपथ घे."

कुंकवाची खोटी शपथ घेतली की नवरा मरतो, हे आमच्याकडं शेंबड्या पोरीलाही ठाऊक. मी कपाळाला बोट लावलं आणि शपथ घेतली. मग रोज सकाळी तेच. ते वाटी चाटूनपुसून संपवायचे, आणि जरा ठसका लागला तरी मी धावत पाण्याचा तांब्या आणायची. आपणच मारतोय ह्यांना, असं वाटून मी गोठ्यात जाऊन रडायची.

अन्न पोटात ठरलं. अंगावर मूठभर मांस चढलं. दिवाळीत त्यांनी दुधात भिजवलेली भाकरी खाल्ली, हात धुतला आणि म्हणाले, "आता शपथ घ्याची बंद कर. पैल्या घासालाच कळलं हुतं मला."

"मग खाल्लंसा कशाला?" मी ओरडलेच.

"उपाशी मेलो आसतो तर जलमभर तुला वाटलं आसतं, तुझ्या शपतेनं मेलो."