पाईलवरचं वजन

आमची इमारत पाडून नवी बांधायची ठरली तेव्हा सगळ्या सभासदांनी सह्या केल्या, आमच्या ह्यांनी केली नाही. ह्यांचं म्हणणं, ही जागा मूळची खाजण. आम्ही कोकणातून वसईत आलो तेव्हा पलीकडच्या पडीक जागेत भरतीचं पाणी चढायचं. आमच्या बाजूला माती आणि डबर टाकून चार मजले उभे केले होते. चार कसेबसे राहिले, अकरा राहणार नाहीत, असं ते सभेत म्हणाले. हे कारखान्यात फिटर होते. वजन आणि टेकू या विषयावर त्यांचं मत ठरलेलं असे आणि ते कुणासाठी बदलत नसे.

सही मी करून घेतली. स्लॅब गळत होता, जिन्याच्या सळ्या बाहेर आल्या होत्या, आणि ह्यांना अर्धांगाचा झटका आल्यापासून तिसऱ्या मजल्यावरून खाली न्यायचं तर खुर्चीला चार माणसं लागायची. रोज तेच तेच बोलून मी त्यांना दमवलं. शेवटी त्यांनी डाव्या हाताने कशीतरी सही केली आणि म्हणाले, "पायाच्या खांबार वजन घालून बघतले. खांब टिकलो तर तू खरी, खचलो तर मी."

नालासोपाऱ्याला भाड्याच्या खोल्यांत आम्ही राहायला गेलो. दिवसा ह्यांच्यासाठी बाई ठेवली. त्या घराला त्यांनी कधी घर म्हटलं नाही, त्या जागेबद्दल काही विचारलंही नाही. ते भिंतीकडे तोंड करून पडून असत. मधूनच विचारत, खांबाचं काय झालं. दुसरं काही नाही. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं होतं की हे फार दिवस काढणार नाहीत. तेव्हा मला एवढंच हवं होतं, की ते असेपर्यंत खांबाचा निकाल यावा आणि मी तो त्यांना सांगावा.

सोसायटीने आपल्या बाजूने एक इंजिनियर मुलगी नेमली होती. बिल्डरच्या कामावर नजर ठेवणं हे तिचं काम. पाईल, म्हणजे जमिनीत खोल जाणारे पायाचे खांब, टाकायला सुरुवात होण्याआधीच तिने तपासणीचा एक मोठा तक्ता केला. कुठलं काम, त्यात काय बघायचं, कोणी बघायचं. काही ओळींवर तिने लाल खूण केली होती. तिथे तिघंजण हजर असल्याशिवाय पुढे जायचं नाही: ठेकेदाराचा माणूस, ती स्वतः आणि सोसायटीचा एक सभासद. सभासद सगळे सकाळी मुंबईला जाणारे. दिवसा मोकळी मी, म्हणून माझं नाव घातलं. सेक्रेटरी म्हणाले, वहिनी, तुम्ही नुसतं बसायचं आणि शेवटी सही करायची. मी चौथी शिकलेय, सही मला येते.

वजनाची चाचणी त्या तक्त्यात शेवटी होती. कुठल्या पाईलवर करायची ते पाईल टाकून होईपर्यंत ठेकेदाराला कळू द्यायचं नाही, असं तिने ठरवलं होतं. आधी कळलं तर तेवढाच एक नीट करतील, असं ती त्याच्या तोंडावर म्हणाली. तो हसला. नाही म्हणाला नाही.

चाचणी रविवारी सुरू झाली. पाईलच्या डोक्यावर जॅक, त्याच्या वर जाड तुळया, आणि तुळयांवर सिमेंटचे ठोकळे रचून घराएवढा ढीग केला होता. जॅक वर ढीग उचलायला बघणार आणि खाली पाईल दाबणार. पाईल किती खाली जातो ते मोजायला चार बाजूंना घड्याळासारखे काटे होते. ते काटे एका वेगळ्याच लोखंडी पट्टीला लावले होते. पट्टीचे खुंट पाईलपासून लांब ठोकलेले. ऊन लागून पट्टी वाकू नये म्हणून वर ताडपत्री, भोवती लाल-पांढरी फीत. पट्टीला हात लावायचा नाही, असं मुलीने सगळ्यांना सांगितलं. मी खुर्ची टाकून बसले होते. दोनदा वजन वाढवून झालं. सुई जेमतेम हलली. ठीक चाललंय आजी, असं ती मला म्हणाली आणि जॅकला जोडलेल्या पंपाचा आकडा बघायला ढिगाच्या पलीकडे गेली.

तेवढ्यात सेक्रेटरी आणि सातआठ सभासद आले. रविवार, सुट्टी. हार, नारळ, अगरबत्ती घेऊन. भूमिपूजन पूर्वीच झालं होतं, पण जमिनीवर एवढा भार ठेवायचा तर देवाला गाऱ्हाणं घालायला नको का, असं सेक्रेटरी म्हणाले. आमच्यासारखेच ते कोकणातले. कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. मलाही नाही. सगळे फितीखालून वाकून आत गेले. मी खुर्चीतून उठले आणि हात जोडले. सेक्रेटरींनी गाऱ्हाणं सुरू केलं, बाकीचे होय म्हणत गेले.

"बा देवा म्हाराजा, आज जा वजन ह्या जमनीर ठेवलेला आसा, ता झेलूची ताकद तिका दी रे म्हाराजा."

"होय म्हाराजा."

"ह्या पोरांचो संसार हयसर उभो रवाक होयो रे म्हाराजा."

"होय म्हाराजा."

आणि त्यांनी नारळ फोडला. जवळ दगड नव्हता. हाताशी होती ती लोखंडी पट्टी, तिच्यावरच आपटला. एका फटक्यात फुटला, म्हणून सगळे खूश झाले. पाणी काट्यावर उडालं.

मुलगी धावत आली. तिने चारही काटे बघितले. एकाचं टोक जागेवरून सुटलं होतं, बाकीच्यांच्या सुया भलतीकडे गेल्या होत्या. तिने पंप थांबवायला सांगितलं.

ठेकेदाराचा माणूस म्हणाला, सुया पुन्हा शून्यावर लावू, मागचे आकडे आहेतच, जोडून टाकू. सेक्रेटरी म्हणाले, अकरा मजले झेलणार ते एका नारळाने काय होणार? तिने सांगितलं की पाईलला काही झालेलं नाही, बिघडली ती मोजणी. मग सेक्रेटरी माझ्याकडे वळले. मीही तिला म्हटलं, होऊन जाऊ दे, मी सही करते.

"आजी, तुम्ही कराल. मी काय लिहू? पाईल किती खाली गेला ते मला आता माहीत नाही."

तिने तक्त्यात तशीच नोंद केली आणि ठोकळे उतरवायला लावले.

घरी आले तेव्हा हे जागेच होते. बाईने त्यांना टेकवून बसवलं होतं.

"खांब टिकलो काय गो?"

मी नारळाचं सांगितलं, मोजणी रद्द झाली म्हणून सांगितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"म्हणजे खचलो. सरळ सांग मां."

मी पुन्हा सगळं पहिल्यापासून सांगितलं. नारळ फोडून चाचणी बंद पडते हे त्यांना पटण्यासारखं नव्हतंच. मलाही दुसऱ्याने सांगितलं असतं तर पटलं नसतं. टिकला म्हणून सांगायचं माझ्या मनात आलं होतं. पण मी तसं सांगितलं नाही. त्यांनी मान भिंतीकडे वळवली. त्यानंतर त्यांनी खांबाचं विचारलं नाही.

ठोकळे दुसऱ्या साइटवर जायचे होते, ते गेले. मग पाऊस लागला, खड्ड्यात पाणी भरलं, पंप लावून उपसलं की पुन्हा भरे. चाचणी गणपतीनंतर करू असं ठरलं. हे श्रावणात गेले, दुपारी. मी पाचूबंदरहून येणाऱ्या कोळणीशी दारात भावावरून घासाघीस करत होते. बाईने हाक मारली. आत गेले तर झालं होतं. कोळणीला पैसे द्यायचे राहिले, ते दुसऱ्या दिवशी तिने मागितले नाहीत, मीच बोलावून दिले. मी रडले का असं मुलीने फोनवर विचारलं. नाही रडले. लोक येत होते, मी चहा करत होते.

मुलगी म्हणजे माझी. इंजिनियर मुलीनेही फोन केला. तक्त्यात माझ्याऐवजी दुसऱ्या कुणाचं नाव घालू का, असं विचारलं. मी म्हटलं, नको, मीच येते.

गणपतीनंतरच्या चाचणीला तिने दुसरा पाईल निवडला. पहिला अर्धवट दाबलेला, तो पुन्हा घेऊन उपयोग नाही म्हणाली. फितीच्या आत कुणाला सोडलं नाही. सेक्रेटरी बाहेर नारळ घेऊन उभे होते, त्यांनी तो शेवटी रस्त्यावरच्या दगडावर फोडला. मी दिवसभर बसले, संध्याकाळी घरी गेले, सकाळी पुन्हा येऊन बसले. वजन उतरवल्यावर तिने आकडे जुळवले. पाईल जेवढा खाली गेला तर चालतं त्याच्या निम्माही गेला नव्हता, आणि वजन निघाल्यावर बराचसा परत वर आला होता. तिने मला सही करायची जागा दाखवली. मी सही केली.

सेक्रेटरींनी पेढे वाटले. दादा असते तर त्यांना बघायला मिळालं असतं, असं म्हणाले. मी म्हटलं, पाईल जमिनीत असतो, बघण्यासारखं काय असतं त्यात.

इंजिनियर मुलगी मला रिक्षापर्यंत सोडायला आली. तिला ह्यांच्या पैजेचं मी मागे एकदा बोलले होते.

"आजोबांना आज पटलं असतं, नाही?"

"नसतं पटलं. तुका दुसरोच खांब दाखवल्यानी, म्हणाले असते."

ती हसली नाही. पाईल दुसरा होता हे खरंच होतं. रिक्षा शेअरची, आणखी दोन सवाऱ्या यायच्या होत्या. त्या येईपर्यंत आम्ही तिथेच थांबलो.