भूगोलाचे पारायण

मालिनीवहिनींना 'ऑप्शनला टाकणे' हा शब्द पहिल्यांदा ऐकवला तो त्यांच्या नणंदेने, निलूने. निलू तेव्हा उल्हासनगरच्या कॉलेजात एफ.वाय.ला होती आणि या विद्येत तिचा हात धरणारे अंबरनाथ पूर्वेला तरी कुणी नव्हते. पेपरात 'कोणतेही चार सोडवा' असे असते ना, मग जे दोन सोडून द्यायचे ते आधीच घरी सोडून द्यायचे, त्यांचे धडे उघडायचेच नाहीत, असे हे साधे शास्त्र. वहिनींनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "म्हणजे नैवेद्याच्या पानात चटणी-कोशिंबीर वाढायचीच नाही, देव खाईल तेवढंच वाढायचं, असं का?"

निलूने कपाळाला हात लावला.

गोष्ट सत्त्याऐंशी सालची. दत्ताच्या देवळामागच्या खोलीत मंडळाची बालवाडी भरे. वहिनी तिथे मदतीला जात. मुलांची नाके पुसायची, डबे उघडून द्यायचे, रडणाऱ्याला कडेवर घ्यायचे आणि बाईंचा घसा बसला की गाणीही म्हणायची. बाईंचा घसा आठवड्यातून चारदा बसे. त्या बाई जूनमध्ये मुलाकडे नाशिकला राहायला जाणार होत्या, आणि त्यांच्या जागी वहिनीच याव्यात यावर सगळ्या आयांचे एकमत होते. फक्त मंडळाचे चिटणीस शरदचंद्र फार वाईट वाटल्यासारखा चेहरा करून म्हणाले होते की नियमाप्रमाणे बाई दहावी पास हवी. वहिनी नववी. दहावीत बसायच्या आधी बोहल्यावर बसल्या होत्या. जूनपर्यंत पास झाल्या तर ठीक, नाहीतर विठ्ठलवाडीची एक मॅट्रिक झालेली मुलगी तयारच होती.

वहिनींना ती जागा हवी होती. इतकी हवी होती की त्यांनी ते देवालासुद्धा सांगितले नव्हते; स्वतःसाठी मागायचे म्हणजे हावरेपणा वाटे. बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म मात्र त्यांनी गुपचूप भरला.

गणित त्यांच्याकडून हेमचंद्रांनी, म्हणजे त्यांच्या यजमानांनी करून घेतले. ते फॅक्टरीच्या ऑफिसात हिशेबाला होते, त्यामुळे घरी आल्यावर पुन्हा हिशेब करताना त्यांचा चेहरा पाहण्यासारखा होई. इंग्रजी निलूने घेतले. भूगोलाला मात्र वहिनी म्हणाल्या, "त्यात काय, वाचायचंच तर आहे. वाचायची सवय आहे मला."

सवय होती, ती पोथी वाचायची. इथेच सगळी मेख होती.

पहाटे आंघोळ करून, देवापुढे दिवा लावून, भूगोलाच्या पुस्तकाला हळदकुंकू वाहून वहिनी पाटावर बसत आणि पहिल्या धड्यापासून सुरुवात करत. रोज ठरलेले धडे, मध्ये बोलायचे नाही, उठायचे नाही. निलूला आधी कौतुक वाटले. मग जानेवारी संपता संपता तिने सहज विचारले, भारतात कोळसा कुठे सापडतो.

"तिथवर पोचले नाही अजून."

"बरं, काळी माती?"

"तेही पुढे आहे."

"मग काय झालंय, वहिनी?"

वहिनींनी डोळे मिटले आणि भारताचा अक्षवृत्तीय विस्तार आठ अंश चार मिनिटे उत्तरपासून सदतीस अंश सहा मिनिटे उत्तरपर्यंत असा एका दमात, न अडखळता म्हणून दाखवला. रेखावृत्तेही म्हटली. भारत कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे त्यांच्याइतके पक्के कुणालाच ठाऊक नसेल. आत काय आहे, त्याची मात्र त्यांना बातमी नव्हती.

मग हळूहळू उलगडा झाला. पारायण मध्येच खंडित झाले की पुन्हा पहिल्या अध्यायापासून धरायचे, हा वहिनींचा नेम. एकदा गॅसवाला आला, पारायण मोडले. एकदा शेजारच्या पद्मजाकाकू विरजण मागायला आल्या आणि वहिनींच्या तोंडून "थांबा हं" निघून गेले. त्या 'थांबा हं'ने हिमालयापर्यंत पोचलेल्या वहिनी पुन्हा अक्षवृत्तावर येऊन पडल्या. आणि महिन्याचे चार दिवस तर त्या पुस्तकाला हातच लावत नव्हत्या.

"भूगोलाला कसला गं विटाळ?" निलू म्हणाली. ती वहिनींना लाडात 'अगंतुगं' करी, चिडली की जास्तच. "बोर्डात काय सोवळ्यातले लोक पेपर तपासतात?"

वहिनी हसल्या, पण नेम मोडला नाही. अर्धवट पुस्तक वाचून परीक्षेला जाणे त्यांना फसवल्यासारखे वाटे. कुणाला फसवल्यासारखे, ते निलूने विचारले. वहिनींनी पुस्तक कपाळाला लावून देवापाशी ठेवले.

महाशिवरात्र आली. जत्रेला विठ्ठलवाडीहून मावससासूबाई बोचक्यासकट उतरल्या, आणि पारायण पुन्हा मोडले. परीक्षेला महिना उरला होता. त्या दिवशी वहिनी मावससासूबाईंना घेऊन शिवमंदिरात गेल्या. ताटात षोडशोपचारांची सगळी तयारी होती: पंचामृताच्या वाट्या, वस्त्र, जानवे, गंध, अक्षता, विडा, दक्षिणा. एवढे ताट सांभाळत त्या सकाळपासून रांगेत उभ्या. ऊन डोक्यावर आले तेव्हा कुठे पायऱ्या उतरून पिंडीपाशी पोचल्या. वहिनींनी पहिली वाटी उचलली. गुरवाने ताटाकडे पाहिले, मागच्या रांगेकडे पाहिले आणि ताटातला फक्त बेल उचलून वाहिला. वर तांब्यातले पाणी घातले.

"आणि हे बाकीचं?" वहिनींनी विचारले.

"बाकीचं पोचलं, बाई. पुढे चला."

वहिनी पुढे चालल्या. चालता चालता त्यांच्या मनात ते शब्द घोळत राहिले. गुरव घाईत होता हे खरे, पण तो खोटे बोलला असे त्यांना वाटेना. शास्त्रातच नाही का, सोळा उपचार जमले नाहीत तर पाचांनी पूजा करावी? आणि वस्त्र नसले तर वस्त्राच्या जागी अक्षता वाहायच्या, हेही त्यांच्या सासऱ्यांनीच शिकवलेले. मग देवाने ज्याला मुभा दिली, ते बोर्डासमोर पाप कसे होईल?

घरी येऊन त्यांनी निलूला जाहीर केले, "आपण भूगोलाची पंचोपचार पूजा करू."

"महिनाभर मी दुसरं काय सांगतेय?"

"तू ऑप्शनला टाका म्हणत होतीस. हे वेगळं."

 मागच्या काही वर्षांचे पेपर पुढ्यात घेऊन निलूने पाच गोष्टी काढल्या: नकाशा, हवामान, पिके, खनिजे आणि वाहतूक. हे पाच घोटून पाठ. बाकीच्या धड्यांना वहिनींनी अक्षता ठरवल्या, म्हणजे प्रत्येकाची दोन-दोन वाक्ये. एकही धडा रिकाम्या हाताने परत पाठवायचा नाही.

आणि मग त्या सुटल्या. 'भौगोलिक कारणे द्या' हा प्रश्न त्यांच्या इतका अंगात भिनला की नळाला पाणी आले नाही तरी त्या कारणे देऊ लागल्या. नकाशाचा सराव दारातल्या रांगोळीवर सुरू झाला. रोज सकाळी उंबऱ्याबाहेर भारत उमटे. लोखंडाच्या जागी कुंकू, कोलारच्या सोन्याला हळद, कोळशाला बुक्का. एका सकाळी हेमचंद्र पेपर चाळत बाहेर पडले आणि त्यांची चप्पल थेट सौराष्ट्रावर पडली.

"अहो, कापूस तुडवलात," वहिनी आतून म्हणाल्या.

हेमचंद्रांनी पाय उचलला, तो अरबी समुद्रात ठेवला आणि ऑफिसला गेले.

पेपराच्या दिवशी वहिनी एका शाळेत, आपल्या निम्म्या वयाच्या मुलांमध्ये बाकावर बसल्या. पुढच्या मुलीने त्यांना पर्यवेक्षिका समजून पाणी प्यायला जाऊ का म्हणून विचारले. पाचांतले चार उपचार पेपरात भेटले. वाहतुकीने मात्र दगा दिला, तिच्या जागी वने आली, आणि वनांच्या वाट्याला वहिनींकडे दोनच वाक्ये होती. ती त्यांनी सुबक अक्षरात लिहिली. मग थोडे थांबून, बारवी धरणाच्या जंगलातून मोळ्या घेऊन येणाऱ्या बायका मोळीत काय काय आणतात ते आठवून आणखी चार ओळी लिहिल्या. बरोबर की चूक, देव जाणे.

त्यानंतर निकालापर्यंत त्यांनी भूगोलाचे नाव काढले नाही. बालवाडीत मात्र त्यांचे लक्ष उडे. एकदा एकाचा डबा दुसऱ्याला उघडून दिला आणि दुसऱ्याने तो मुकाट्याने संपवलाही. विठ्ठलवाडीची मुलगी मे महिन्यात येऊन खोली पाहून गेली. तिला खिडकी लहान वाटली. ती गेल्यावर वहिनींनी ती खिडकी पुसली, आधीच स्वच्छ होती तरी.

जूनमध्ये निकाल लागला. मार्कशीट हातात पडताच वहिनी ती घेऊन तडक शरदचंद्रांच्या घरी गेल्या. निलू हौसेने मागोमाग. शरदचंद्रांनी चष्मा लावला, मराठी पाहून मान डोलावली, गणित पाहून भुवया उंचावल्या आणि खाली येता येता त्यांचे बोट एका आकड्यावर थांबले.

"भूगोल अगदीच काठावर दिसतोय, वहिनी."

निलू काहीतरी बोलणार होती. वहिनींनी तिचा हात दाबला आणि पदर सारखा करत म्हणाल्या, "काठावर खरी मी. पण पलीकडच्या काठावर आहे. किल्ली द्या, सोमवारी शाळा उघडायचीय."