तीन किलोमीटर, पण कुठल्या बाजूला?

"किती ते कळलं. कुठल्या बाजूला?" असं म्हणून बाई खडू धरलेला हात हवेत तसाच ठेवायच्या आणि पोरांच्या उत्तराची वाट बघायच्या.

त्या मुरबाडला शाळेत विज्ञान शिकवायच्या. आमच्या भिंतीला लागून त्यांची खोली होती आणि संध्याकाळी ओट्यावर शिकवणी. मी चौथी शिकलेली. नातीचे पाढे मी पाठ करून घेतले, अक्षर मी वळवलं. नववीत गेली आणि तिच्या तोंडी फक्त बाई. वेणीसुद्धा बाईंसारखी. तुमच्या घरात असं झालं असेल, तर माझा जळफळाट तुम्हाला सांगायला नको.

एकदा भिंतीपलीकडून ऐकलं. "दोन किलो तांदूळ. इथं दिशा लागते? नाही. ही अदिश राशी. जीप तासाला चाळीस किलोमीटर जाते, ही चाल. तीही अदिश. पण कल्याणकडे चाळीसनं जाते म्हटलं की तो वेग. तो सदिश."

मला समजलं. त्याचाच जास्त राग आला.

एका रविवारी बाई दारात आल्या. त्यांच्या वर्गातली एक मुलगी आठवडाभर शाळेत आली नव्हती. "आजी, तिचा पाडा किती लांब?"

"तीन किलोमीटर."

"कुठल्या बाजू..." त्या म्हणेपर्यंत मी दार लोटलं.

बाई सिद्धगडच्या वाटेला लागल्या. पाडा नेमका उलट अंगाला. दुपार टळल्यावर परतल्या तेव्हा पोटऱ्या काट्यांनी ओरबाडल्या होत्या.

दुसऱ्या संध्याकाळी ओट्यावर हसत म्हणाल्या, "काल तीन किलोमीटर चालले, तरी पोचले नाही. सांगणाऱ्यानं अंतर बरोबर सांगितलं. दिशा विचारायला मीच विसरले."

माझं नाव घेतलं असतं तर भांडले असते. तेवढीही सोय ठेवली नाही.

जेवताना नात म्हणाली, "आजी, बाईंनी विचारलेलं. मी आतच होते गो."

"मग?"

"काय नाय."

दोन दिवस ताट घेऊन ओट्यावर जेवली.

उन्हाळ्यात बाईंची बदली झाली. त्यांची ट्रंक जीपमध्ये चढवायला मीच पुढं. म्हटलं, आता पोरगी घरात बसेल.

खोलीला कुलूप आहे. पोरगी पुस्तक घेऊन त्याच ओट्यावर बसते. परवा मी चहा घेऊन गेले आणि शेजारी टेकले.

"आजी, जरा सरक. उजेड अडतोय."

सरकले.