सोळा गुरुवारांची नोंद

सोमवार, १८ ऑगस्ट २०२५. पहाटेपासून रिपरिप, दहानंतर उघडीप. शेवटचा श्रावणी सोमवार. साबुदाणा कमी भिजला, खिचडी कडक झाली. गॅस सिलिंडर बदलला. निशिगंधा कॉलेजला गेली नाही. तिच्या जर्नलचे उत्तर आले. साडेबाराला खाली येऊन तिने विचारले, "काकू, गेल्या हिवाळ्यात गुरुवारची लाइट किती वेळ जात होती?"

निशिगंधा नऊ वर्षे माझ्या चिंचवडच्या घरात वरच्या खोलीत राहते. मूळची अहमदपूरकडची, लातूर जिल्ह्यातली. वय छत्तीस. तळेगावच्या बाजूला एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात कंत्राटावर शिकवते. सकाळी सातच्या लोकलने जाते, संध्याकाळी सातच्या सुमारास परत येते. आल्यावर जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर चप्पल काढून पाच-दहा मिनिटे नुसती बसते आणि मग वर जाते. दिवसभर शिकवणे, प्रवेशाच्या वेळी पालकांना इमारत दाखवणे, तपासणी समिती यायची असली की फायली भरणे. पीएचडी नसेल तर येत्या जूनपासून कंत्राट नाही, असे कॉलेजने तिला लेखी कळवले आहे. विद्यापीठाने प्रबंधासाठी तिसऱ्यांदा दिलेली मुदत ३० नोव्हेंबरला संपते. प्रबंध घेण्याआधी एक शोधनिबंध चांगल्या जर्नलने स्वीकारलेला हवा. तो एक कागद तिच्याकडे नव्हता.

तिचा विषय कृत्रिम जीवन. पहिल्यांदा ऐकले तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे प्लास्टिकची फुले आली. मग तिने मला वर नेऊन दाखवले. पडद्यावर हिरवे शेत, त्यात हजारो ठिपके. ठिपका हिरवे खातो, पोट भरले की त्याचे दोन होतात, खायला मिळाले नाही तर मरतो. त्यांना कोणी काही शिकवत नाही. ते आपणहून काय करू लागतात ते महिनोन् महिने बघत राहायचे, हे तिचे काम. मी म्हटले, "मग यांची आई तू." ती म्हणाली, "आई नाही काकू, रखवालदार."

त्यात माझा वाटा इंग्रजीपुरता. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी आमच्याकडून दहा वर्षे व्याकरण घोटून घेतले, ते अजून उपयोगी पडते. तिचे लिखाण मी पेन्सिल घेऊन वाचते. विषय समजत नाही, पण वाक्य कुठे लंगडते ते समजते. पहिला निबंध एका जर्नलने चार दिवसांत परत केला, आमच्या कक्षेत बसत नाही म्हणून. दुसरा दुसऱ्या जर्नलने अकरा महिने ठेवून घेतला आणि मग नको म्हणाले. हे तिसरे जर्नल खास कृत्रिम जीवनाचेच, परदेशातले. तिथे पाठवल्यावर दोनच दिवसांत परत आला तेव्हा ती रडायचीच राहिली होती. कारण एवढेच निघाले की परीक्षकांना लेखक कोण हे कळता कामा नये असा त्यांचा नियम, आणि हिने शेवटी अर्धे पान ऋणनिर्देश लिहिला होता. त्यात मार्गदर्शक सर, कैलासवासी आई, भाऊ धनेश, आणि चिंचवडच्या काकू म्हणजे मी, पत्त्यासकट.

"आभार न मानता कसं पाठवायचं काकू? उद्धटपणा वाटतो."

"निबंध छापून आला की मान," मी म्हटले. तिने आम्हा सगळ्यांना खोडले आणि एप्रिलमध्ये निबंध पुन्हा गेला.

या निबंधात तिने एक शोध मांडला होता. एकशे बारा दिवस अखंड चालवलेल्या शेतात ठिपक्यांची संख्या ठरावीक अंतराने फुगते आणि ओसरते, जणू त्यांच्यातच एक लय जन्माला आली. हे वाचताना मलासुद्धा बरे वाटले होते. पुढे चार महिने ती रोज मोबाइलवर जर्नलचे पान उघडून बघायची. रोज तिथे एकच ओळ असायची, परीक्षण चालू आहे.

सोमवारी आले ते उत्तर दोन परीक्षकांचे होते. पहिल्याला निबंध आवडला होता. दुसऱ्याने चारच ओळी लिहिल्या होत्या. आकृती चारमधली प्रत्येक लाट बरोबर सात दिवसांनी येते. या जीवांना वार माहीत असण्याचे कारण नाही. प्रयोग खरोखर अखंड चालला होता का, याची खात्री करावी.

आमच्याकडे औद्योगिक वसाहतीची सुट्टी गुरुवारी. विजेच्या दुरुस्तीची कामेही गुरुवारीच काढतात, त्यामुळे लाइट जाते हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. निशिगंधालाही ठाऊक होते. पण खोलीत इन्व्हर्टर आहे, गुरुवारी ती तळेगावला, आणि लाइट आल्यावर संगणक स्वतःच सुरू होऊन काम पुढे चालू करील अशी सोय तिनेच केलेली. संध्याकाळी यावे तर ठिपके चाललेलेच असायचे. मधे ते बंद पडले होते हे तिला कधी दिसले नाही. मी खाली, संगणक वर. मलाही दिसले नाही.

लाइट गेल्या-आल्याची वेळ मी एकोणीसशे अठ्ठ्याण्णवपासून लिहिते. माझ्या यजमानांचे इन्शुलिन फ्रिजमध्ये असायचे, म्हणून लिहू लागले. ते गेले, सवय राहिली. हे निशिगंधाला माहीत होते, म्हणूनच ती विचारायला आली. नीट लिहिलेले नाही ग, असे सांगता आले असते. कपाट उघडेपर्यंत माझ्या मनात ते दोनदा आले. मग मी दोन्ही डायऱ्या काढून तिच्यापुढे ठेवल्या.

आम्ही जेवणाच्या टेबलावर बसलो. मी वाचत गेले, ती आकृतीवर पेन्सिलने खुणा करत गेली. ७ नोव्हेंबर, नऊ पन्नासला गेली, चार दहाला आली. १४ नोव्हेंबर, दहाला गेली, तीन पस्तीसला आली. २१ नोव्हेंबर, मतदानानंतरचा दिवस, लाइट गेली नाही. तिने आकृतीवर बोट ठेवले. त्या आठवड्यात लाट नव्हती. सोळा गुरुवारांपैकी चौदा वेळा लाइट पाच-सहा तास गेली होती, चौदा लाटा होत्या. २३ जानेवारीलाही गेली नव्हती, तिथेही रेघ सपाट.

"पण लाइट गेली तर हे कमी व्हायला हवेत ना? वाढले कसे?" मी विचारले.

ती वर गेली. तासाभराने खाली आली तेव्हा तिचा आवाज अगदी साधा होता. "संगणक दर तासाला जीव साठवून ठेवायचा काकू. अन्न साठवायला मी सांगितलंच नव्हतं. बंद पडून पुन्हा सुरू झाला की शेत पहिल्या दिवसासारखं गच्च भरून मिळायचं."

गुरुवारी तिचा भाऊ धनेश आला. तो चाकणला गाड्यांच्या सुट्या भागांच्या कंपनीत आहे. गुरुवारी सुट्टी, म्हणून अधूनमधून इथे येतो. निशिगंधाने त्या दिवशीही रजा टाकली होती. लाइट नव्हती. दार उघडे ठेवून आम्ही तिघे पुढच्या खोलीत बसलो. बहिणीने सगळे सांगितले. तो ऐकताना हातातली टोपी गुडघ्यावर गोल फिरवत होता.

"म्हणजे आपली आई गुरुवारी उपास धरायची, आन् तुझे किडे गुरुवारी जेवणावळी उठवायचे."

"किडे नाहीत ते."

"बरं, जीव. तुझी पीएचडी खाल्लीच की त्यांनी." तो हसला, पण एकटाच. "आता काय करायलीस, अक्का?"

"निबंध मागं घ्यायलेय."

"येडी हायस का? तिकडं परदेशात कुणाला ठाव, चिंचवडला गुरुवारी लाइट जाती म्हणून? लिही की आपोआप होतंय. दोन ओळींचं काम."

"ज्यानं विचारलं त्यानं आकृती बघूनच ओळखलंय, धन्या. कारण तेवढं माहीत नाही त्याला."

"मग कारण सांग. मागं कशाला घेतीस?"

"ती लाट काढली की त्या निबंधात काही उरत नाही."

"पुन्हा चालव मग. ह्या वेळेला नीट."

"एकशे बारा दिवस," ती म्हणाली. "आज सुरू केलं तर डिसेंबर उजाडतो. मुदत नोव्हेंबरात संपते. सरांना फोन केला होता. ते म्हणाले, चौथी मुदत नाही. नव्याने नोंदणी कर, पहिल्यापासून."

"आन् कॉलेज?"

तिने खांदे उडवले. धनेश माझ्याकडे वळला. "काकू, तुमी तरी सांगा हिला."

पुरावा माझ्याच हातचा होता. मी म्हटले, "मी फक्त वेळ लिहिली रे."

तो टोपीकडे बघत म्हणाला, "बॅटरीत पाणी मीच घालायचो. गेल्या दिवाळीपासून घातलंच नाही. ओव्हरटाइम चालू होता. दोन तासात बसत असंल ती."

"पाणी असतं तरी पाच तास ओढलं नसतं," निशिगंधा म्हणाली. हे खरे होते की त्याच्यासाठी म्हणाली, मला कळले नाही.

जर्नलला पाठवायचे पत्र तिने आदल्या दिवशीच लिहिले होते. मी वाचले. पाच वाक्ये होती. लाइट का आणि केव्हा जाते, अन्न का भरून मिळाले, निष्कर्ष का टिकत नाही, सगळे स्पष्ट. दिलगिरी तीन वेळा होती, मी दोन खोडल्या. दुसऱ्या परीक्षकाचे आभार शेवटी होते. नाव माहीत नसलेल्या माणसाचे आभार मानायचे हे तिला विचित्र वाटत होते, पण ते वाक्य मी राहू दिले.

पाठवायला नेट नव्हते. लॅपटॉप मांडीवर घेऊन ती तशीच बसून राहिली. लाइट आल्यावर पाठवीन म्हणाली असती तर कोणी काही बोलले नसते. धनेशने खिशातून मोबाइल काढला, काहीतरी चालू केले आणि टेबलावर तिच्यापुढे सरकवला. "घे. माझ्यावरनं जोड."

जर्नलच्या पानाने तिला विचारले की निबंध मागे घ्यायचा हे नक्की का. तिने हो वर बोट दाबले. पुन्हा तोच प्रश्न आला, पुन्हा दाबले. चार महिने जिथे परीक्षण चालू आहे असे असायचे, तिथे आता दुसरी ओळ आली. तिने ती मला दाखवली नाही, मीही पाहिली नाही. "झालं," ती म्हणाली आणि खुर्चीत मान मागे टाकून डोळे मिटले. जानेवारीत अर्ज कुठे करायचे, शाळेत शिकवता येईल का, असे काही तरी धनेशशी तुटक बोलत राहिली.

चार चाळीसला लाइट आली. वरच्या खोलीत संगणक सुरू झाल्याचा बारीक आवाज आला. कोणी उठले नाही. धनेश म्हणाला, आज तो जेवूनच जाईल, सकाळची शिफ्ट आहे पण चालेल. मी स्वयंपाकघरात गेले.

त्या संध्याकाळी डायरीत लिहिले: कुकरची रिंग गेली. तिघांचा भात पातेल्यात केला.