पुसलेले चंद्र

उरणच्या मिठागरांवर वाढलेल्या माझ्या बहिणींनो, भावांनो... आपली मिठागरं भरावाखाली गेली, तिथे आता कंटेनर उभे आहेत. हे दुःख जुनं झालं. आता आपलं मीठही लोकांना घाण वाटतं, हे मला परवा किहीमला कळलं.

तिथल्या एका बंगल्यात चित्रांचं प्रदर्शन आहे. माझंही एक चित्र होतं. बाबांचं जुनं धोतर काळं रंगवून फळीवर ताणलं आणि त्यावर खळ लावून मिठाचे चंद्र बसवले.

मी सासरी गेले त्या दिवशी पौर्णिमा होती. घटस्फोट घेऊन परत आले तेव्हा अर्धा चंद्र. बाबा गेले ती अमावस्या... तिथे फक्त दोऱ्याचं रिकामं कडं शिवलं. तारखा मी मोबाइलवर ताडून पाहिल्या, पण आईला त्या भरतीवरून आधीच पाठ होत्या. उधाणाचं पाणी आगरात घ्यायचं तर चंद्राकडे बघावंच लागतं.

आणि मीठ बाबांच्या हातचं होतं. शेवटच्या हंगामातलं, बरणीत राहिलेलं. सगळं वापरलं मी.

परवा गेले तर धोतर नुसतं काळं, ओलसर. दमट हवेत मीठ पाझरतं, हे त्या बंगल्याच्या मालकीणबाईंना ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं आणि मी सांगितलं नाही, ती माझी चूक. त्या हसून म्हणाल्या, "ताई, फंगस आली होती हो. मी स्वतः पुसून घेतलं. आता किती क्लीन दिसतंय ना?"

खाली चिठ्ठी होती... 'टाकाऊतून टिकाऊ'.

भरावाविरुद्धच्या प्रत्येक सभेत माइक हातात घेणारी मी. तिथे मात्र दिलेला चहा प्यायले, थँक्यू म्हणाले आणि चित्र काखेत मारून निघाले. त्याची चीड अजून गेलेली नाही.

घरी येऊन ते अंगणात भिरकावलं. आईने उचललं, हात फिरवला, बोट जिभेला लावलं.

"पुसून मीठ जातं व्हय? उन्हान वालू दे जरा."

दुपारपर्यंत धोतर वाळलं. काळ्यावर पांढरं फुटलं होतं, फडकं फिरलं होतं तिथे तिथे. पौर्णिमा नाही, अर्धा चंद्र नाही... पण अमावस्येचं रिकामं कडंही पांढरं झालं होतं. आई त्याच्याजवळ किती तरी वेळ बसून होती.

ते आता तसंच राहील. नवं धोतर मी रंगवायला घेतलंय, पण आमची बरणी रिकामी आहे. तुमच्या घरात बंद पडलेल्या मिठागराचं जुनं मीठ असेल, तर रविवारी सकाळी आमच्या अंगणात मूठभर घेऊन या.